मांगर मोडण्याआधी: जुन्या वास्तूची नोंद कशी करावी

सातबाऱ्यावर अकरा नावं लागली की डोंगरातल्या मांगराचं, शेतावरच्या त्या जुन्या वास्तूचं, पुढं काय होतं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. कुणी मुंबईत, कुणी पुण्यात, एक घर बेळगावला. वाट झाडीत गेली, छपराचे नळे (कुंभारी कौलं) परतायला माणूस मिळेना आणि एक दिवस घेणारा पुढं आला. आमचा मांगर तसाच गेला. सावंतवाडी तालुक्यात, दाणोलीच्या परिसरात, घाटाच्या पायथ्याला तो होता. आता तिथं रबराची लागवड आहे. विक्रीच्या कागदावर माझीही सही आहे आणि ती मी समजून-उमजून केली. सहीच्या आधी भावंडांकडून मी एकच गोष्ट मागून घेतली: ताबा देण्याअगोदर मांगराची पुरी नोंद करायला एक उन्हाळा.

माझी नोकरी ड्राफ्ट्समनची. इमारती मोजणं आणि नकाशे काढणं यातच आयुष्य गेलं. त्यामुळं ते काम हाताला सवयीचं होतं. पण आपलं माणूस जिथं वावरलं ती जागा मोजायची रीत सरकारी इमारतीसारखी नसते. ती कशी असते ते इथं लिहिते. तुमच्याकडं मांगर असेल, मळ्यातली खोप असेल, घाटावरची वस्ती असेल नाहीतर वाड्याचा उरलेला एक खण असेल; पाडायची वेळ आली असेल तर हे उपयोगी पडेल.

आधी माणूस, मग टेप

मांगर म्हणजे गुरं, गवत, अवजारं ठेवायची शेतातली जागा. आमचा मात्र राहता होता. भाद्रपदापासून मळणी होईपर्यंत आमचे आबा, म्हणजे आजोबा, तिथंच असायचे, भात आणि नाचणी राखायला. डुकरं रात्री उतरायची, कधी गवे. आबांकडं ठासणीची बंदूक होती, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. सिंधुदुर्गात असे परवाने आजही सापडतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याआधी गावाची पारधही निघायची आणि तिचा मुक्काम आमच्या मांगरात पडायचा. वडील आणि आते या दोघांचं बालपण त्या अंगणात गेलं. वडील आता नाहीत. आते आहे, ऐंशीच्या पुढची, गुडघे दुखतात पण डोकं लख्ख.

म्हणून पहिलं काम: तिथं राहिलेलं जे सगळ्यात वयस्क माणूस असेल, त्याला जागेवर न्या. घरी बसवून विचारण्यात फार हाती लागत नाही. डोलीनं न्या, जीपनं न्या, खुर्चीवर बसवून चौघांनी उचला, पण न्या. आम्ही आतेला रिकाम्या काजूच्या बागेतून प्लास्टिकच्या खुर्चीत नेली. सकाळी आठच्या आत पोचलो, ऊन चढायच्या आधी परतलो.

आणि तिथं गेल्यावर “आठवणी सांग” असं कधीही म्हणू नका. असं विचारलं की माणूस सगळ्यांना ऐकवायचं तेच ऐकवतो: पूर्वी माणसं प्रेमळ होती, पाऊस फार असायचा. त्याऐवजी एका खुंटीकडं बोट दाखवा आणि विचारा, “हिच्यावर काय असायचं?” मी आतेला आतल्या खणात नेऊन फक्त विचारलं, “आबा झोपायचे कुठं?” ती उठून उभी राहिली, काठीनं जमिनीवर आयत ओढला आणि म्हणाली, “हंय बाबांची बाज. पायथो दाराकडे. रातचो आवाज इलो की उठान थेट भायर.” मग काठी वर गेली. “बंदूक थंय. आमचो हात पोचाचो नाय इतक्या उंच.” तिथं खरोखरच फणसाच्या लाकडाची खुंटी होती आणि तिच्या बुडाशी पट्टा घासून घासून बोट बसेल एवढी खाच पडली होती. ती खाच मी लहानपणापासून बघत आले होते, कुणाला विचारलं मात्र नव्हतं.

जागेवरून जागेवर असं सरकत जा. चूल, तिच्यामागचा कोनाडा, माळ्याची शिडी, पाणी तापवायची जागा, बाळंतीण कुठं असायची, आजारी गुरं कुठं बांधायची, पाहुण्याला कुठं बसवायचे. प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न आणि मग गप्प राहा. गप्प राहणं अवघड जातं, पण उत्तराचा दुसरा भाग त्या शांततेतच येतो. मांगराच्या मागं एक सपाट कातळ होता. आमच्या पिढीला तो कपडे धुवायचा दगड म्हणून माहीत. आतेला तिथं नेलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “वाटे हंय घालीत. पयलो वाटो देवाचो. मग हाकाऱ्यांचे. घोव नसलेल्या बायलांकय वाटो असायचो, तो चुकाचो नाय.” पारधीत मिळालेल्या शिकारीचे वाटे कुड्याच्या पानांवर मांडायचे आणि पोरांनी ते घरोघर पोचवायचे. कुठल्या घराला आधी जायचं तो क्रमही तिला पाठ होता. तो क्रम म्हणजे त्या काळच्या वाडीची यादीच. मी ती तिथल्या तिथं लिहून घेतली.

फोनवर रेकॉर्डिंग करताना फोन एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे मध्येच कॉल येत नाही. फोन बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर, रुमालाच्या घडीवर ठेवा. वारा असेल तर माइकवर पातळ सुती कापड. सुरुवातीला तारीख, जागा आणि कोण कोण हजर आहे ते स्वतःच्या आवाजात बोला. पुढं फाइलींच्या ढिगात तेच कामाला येतं.

माप

लागणारं सामान थोडं: 30 मीटरची टेप, 5 मीटरची स्टीलची टेप, पाण्याची पारदर्शक नळी, ओळंबा, खडू, पाठीला पुठ्ठा असलेली वही, मऊ पेन्सिल. लेझर मीटर असेल तर बरंच, पण मातीच्या वाकड्या भिंतीवर त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. दोन माणसं हवीत. एकट्यानं टेप सैल पडते.

जुनी वास्तू फुटात मोजा. बांधणाऱ्या सुताराच्या डोक्यात फूट, हात आणि वीत होती. मीटरमध्ये मोजलंत तर 7.32 असा अर्थहीन आकडा येतो. फुटात बरोबर 24 येतं आणि सुतारानं काय ठरवलं होतं ते कळतं. आमचा मांगर आतून 24 फूट लांब, 14 फूट रुंद. भिंती मातीच्या, दीड फूट जाड, चिऱ्याच्या जोत्यावर.

चारही भिंती मोजून झाल्या म्हणजे काम झालं असं समजू नका. दोन्ही कर्ण घ्या. काटकोनात असती तर आमच्या खोलीचे दोन्ही कर्ण सारखे, 27 फूट साडेनऊ इंचांच्या आसपास आले असते. प्रत्यक्षात एक 27 फूट 6 इंच आणि दुसरा 28 फूट 1 इंच आला. म्हणजे वास्तू तिरकी होती. का तिरकी, ते बाहेर जाऊन पाहिल्यावर दिसलं: मागची भिंत डोंगराच्या कातळाला धरून बांधली होती आणि पुढचं दार नाचणीच्या मळीकडं वळवलं होतं. दारात बसलेल्या माणसाला मळीचा खालचा कोपरा दिसावा म्हणून. राखणीला बांधलेली वास्तू अशीच असणार.

घरी नकाशा काढताना 1 फुटाला 1 सेंटिमीटर घ्या. ए-फोर आलेख कागदावर 24 बाय 14 चा आयत आरामात बसतो आणि ज्याला नकाशा वाचायची सवय नाही तोही पट्टी लावून अंतर काढू शकतो. दाराखिडक्यांची मापं एका कोपऱ्यापासून सलग घ्या: 0, मग दाराची कड, मग दुसरी कड, मग खिडकी. प्रत्येक तुकडा वेगळा मोजून बेरीज केली की चूक वाढत जाते. उंचीसाठी सरळ बांबूला फुटांच्या खुणा करा. आढ्याची उंची, पाखीची (छपराच्या उतरत्या बाजूची) उंची, दाराची उंची. आमचं दार 5 फूट 2 इंच होतं, सगळ्यांना वाकूनच आत यावं लागे. वासे मोजा, रिपांमधलं अंतर घ्या, कुठलं लाकूड कुठं आहे ते लिहा. आमच्याकडं आडवे (आडव्या तुळया) ऐनाचे, वासे किंजळीचे, दाराची चौकट फणसाची. पन्हळ भेरली माडाचा, अर्धा चिरलेला.

मग सगळ्यात महत्त्वाचं माप, जे बहुतेक लोक घेतच नाहीत. मांगर जाणार, पण आजूबाजूचं काहीतरी राहणार. जे हलणार नाही असं दोन ठिकाणी बघा: व्हाळातला (ओढ्यातला) मोठा कातळ, सर्व्हेचा हद्दीचा दगड, विहिरीचा काठ. या दोन्हींपासून मांगराच्या दोन कोपऱ्यांची अंतरं घ्या. पुढं कुणी त्या दोन खुणांवर टेप लावून कमानी ओढल्या की त्या मांगराच्या बाजूला जिथं छेदतात तिथं तुमचा कोपरा. फोनवरचे अक्षांश-रेखांशही टिपा, पण झाडाखाली ते काही मीटर इकडंतिकडं दाखवतात. दगडापासूनची टेप दाखवत नाही. पडलेल्या पाल्यात आणि रबराच्या ओळींत आबांच्या दाराची जागा आजही मला सापडते ती याच मापामुळं.

उजेड

फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा. आधी काहीही आवरू नका. मोडकं सूप, कोपऱ्यातली रिकामी बाटली, सुतळीचा गुंडा, सगळं जिथं आहे तिथं राहू द्या. प्रत्येक खणात चारही कोपऱ्यांत पाठ टेकवून उभं राहा आणि समोरच्या कोपऱ्याचा फोटो घ्या, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. मग तपशील, शेजारी पट्टी ठेवून. व्हिडिओ काढा हवा तर, पण तो या फोटोंच्या जागी चालत नाही; व्हिडिओत सगळं दिसतं आणि नेमकं काहीच मोजता येत नाही.

भिंतीवरच्या खुणा समोरून फ्लॅश मारून घेतल्या तर नाहीशा होतात. खोली अंधारी करा, टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. बोटांनी सारवल्याचे अर्धगोल उठून येतात. आजीचे, आतेचे, नंतर काकीचे. कोळशाच्या रेघोट्याही अशाच घ्या. आमच्या चौकटीवर कोयतीनं पाडलेल्या खाचा होत्या, पाच-पाचच्या गटात, खळ्यावर आलेल्या भाऱ्यांच्या मोजणीच्या. खाचांसाठी फोटोपेक्षा ठसा चांगला: पातळ कागद चिकटपट्टीनं लावायचा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवायची. खरा आकार कागदावर उतरतो आणि तो ठसा जसाच्या तसा फाइलीत लावता येतो.

छपरावर चढलात तर कौलं उलटी करून बघा. कुंभाराच्या नळ्यांवर काही लिहिलेलं नसतं, पण मंगळुरी कौलावर कारखान्याचा छाप असतो. मंगळूरला बासेल मिशननं असा कारखाना 1865 मध्ये काढला, नंतर इतर पुष्कळ निघाले. छाप टिपला की ती पाखी कधी बदलली याचा अंदाज बांधायला धागा मिळतो. आमच्याकडं मागच्या पडवीवर मंगळुरी आणि मुख्य छपरावर नळे, म्हणजे पडवी मागाहून काढलेली. आतेनं दुजोरा दिला: तिच्या लग्नाच्या वऱ्हाडासाठी.

आवाजही घ्या. दाराचं कुरकुरणं, व्हाळाचं पाणी, विहिरीचा रहाट. श्रावणात मी एकदा मुद्दाम गेले आणि नळ्यांवरचा पाऊस रेकॉर्ड केला. पत्र्यावरच्या पावसाहून तो फार वेगळा, खालच्या पट्टीतला असतो. ती फाइल आमच्या घरात सगळ्यात जास्त ऐकली जाते.

कागद, बंदूक, शिंग

कागदांवर थोडक्यात. चालू सातबारा पुरत नाही. जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार काढा, त्यांत कुणाचं नाव कधी आलं आणि कसं गेलं ते कळतं. ग्रामपंचायतीचा नमुना 8 बघा, मांगराची घरपट्टी लागलेली असेल तर तिथं नोंद मिळते. भूमी अभिलेखकडून मोजणीचा नकाशा घ्या. पण माझ्या अनुभवात खरा खजिना ट्रंकेच्या तळाशी असतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागायच्या. त्याच्या पावत्या आबांनी दाभणानं ओवून ठेवल्या होत्या. बंदुकीचा सगळा प्रवास त्या दोऱ्यात होता, आणि त्या पावत्यांवरच्या आबांच्या सह्या एकीहून एक थरथरत गेलेल्या.

अशी बंदूक तुमच्याही मांगरात निघाली तर भावनेपोटी ती घरी आणू नका. परवानाधारक गेल्यावर ती विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करायची असते. ठेवायचीच असेल तर वारसानं स्वतःच्या नावानं परवान्यासाठी अर्ज करायचा. आमच्यात कुणी केला नाही. वडिलांनी जमा केली, पावती दोऱ्यात ओवली, आणि तीच शेवटची.

शिंगं, कातडी, नखं यांचंही तसंच. आडव्यावर सांबराचं शिंग टांगलेलं असतं, सगळे त्याला आजोबांचं म्हणतात, आणि ते रानात गळून पडलेलं सापडलेलं असतं. तरीही ते वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येतं. विकू नका, भेट देऊ नका, गाडीत घालून पुण्याला नेऊ नका. जागेवरचा फोटो घ्या, वनक्षेत्रपालांच्या कार्यालयाला लेखी कळवा आणि स्वाधीन केल्याची पोच घ्या. शिंग गेलं तरी त्याच्याखाली भिंतीवर पडलेली फिकट जागा नकाशात दाखवता येते. मी दाखवली आहे.

गाऱ्हाणं

जागा सोडण्याआधी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. हा भाग नोंदीत घ्यायचा असेल तर गाऱ्हाणं घालणाऱ्याची आधी परवानगी घ्या. कॅमेरा तोंडावर धरू नका, फक्त आवाज घ्या. आमच्या वाडीतल्या मानकऱ्यांनी घातलं. “बा देवा म्हाराजा” म्हणून सुरुवात झाली, आणि मागून सगळ्यांचं “व्हय म्हाराजा”. गाऱ्हाण्यात त्यांनी जागेचा नवा मालकही घेतला, त्याच्या लेकराबाळांना सांभाळ म्हणून सांगितलं. माझे चुलतभाऊ, ज्यांनी व्यवहार पुढं नेला आणि महिनाभर कुणाशी धड बोलले नव्हते, ते तिथं ढसाढसा रडले. गाऱ्हाण्याचा शब्द न् शब्द मी नंतर उतरवून काढला. त्यात जागेच्या चारी दिशांच्या देवांची नावं क्रमानं येतात; अशी यादी कुठल्याच दप्तरात मिळणार नाही.

उतरवणं

जेसीबी लावून एका तासात काम होतं, पण शक्य असेल तर हातानं उतरवा. नळे आढ्याकडून खाली काढत यायचे, मग रिपा, वासे, शेवटी आडवे. लाकडावर ऑइलपेंटनं खूण करा: पू-1, पू-2, प-1. कागदी चिठ्ठ्या पहिल्या पावसात जातात. ठोकून आवाज ऐका. पोकळ आवाज आला की वाळवी आत आहे, ते लाकूड घरी आणून बाकीच्यांना लावू नका. चांगलं लाकूड जमिनीपासून वर, दगडांवर, मध्ये फटी सोडून सावलीत रचा.

काय काय न्यायचं याबद्दल माझं मत ठाम आहे: थोडं न्या. कुटुंबात ज्याला त्याला तुकडा हवा असतो आणि दोन वर्षांत तो तुकडा बाल्कनीत कुजतो. जे पुन्हा वापरात येईल तेच उचला. आमचे वासे गावातल्या एका गोठ्याला लागले, चिरे कुंपणाच्या गडग्याला. दाराची चौकट दादांनी गावच्या घरात बसवली, खाचांसकट, त्याच उंचीवर. बाकीचं गावात वाटून टाकलं.

फाइल

सगळं जमलं की त्याची कागदी फाइल करा. नुसत्या ड्राइव्हवर ठेवू नका. पासवर्ड माणसाबरोबर जातो. निवडक फोटो छापून घ्या, मागं मऊ पेन्सिलीनं नाव, जागा, दिशा लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूनं उमटतो. बोलणं उतरवताना मालवणी तसंच ठेवा. आतेच्या “उठान थेट भायर”चं “उठून थेट बाहेर” केलंत तर माहिती राहील, आते राहणार नाही. नातवंडांना कळणार नाही असं वाटलं तर खाली टीप द्या.

प्रती निदान तीन, वेगवेगळ्या गावांत. एक गावच्या वाचनालयात. एक घेणाऱ्यालाही द्या. आमच्या जागेच्या नव्या मालकांनी ती आपुलकीनं घेतली आणि विहीर बुजवायचा विचार सोडला, कारण तिला बारमाही पाणी असतं हे त्यांनी त्यात वाचलं.

प्रत पाठवताना शेवटी काही पानं कोरी ठेवा आणि सोबत पेन्सिल बांधून द्या. बेळगावच्या काकींकडून फाइल परत आली तेव्हा नकाशावर, मधल्या आडव्याखाली, त्यांनी एक बारीक फुली करून लिहिलं होतं: “पाळण्याची कडी. तुम्ही सगळी इथंच निजलात.” अशी भर आली की नकाशा पुन्हा स्वच्छ काढायला बसू नका. तीच ओळ तशीच ठेवा, शेजारी तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव घाला, आणि त्या पानाची झेरॉक्स बाकीच्या प्रतींना लावा.